हातचं न राखता

बहात्तरचा दुष्काळ ज्यानं अंगावर काढला, त्याला सुकडी आणि मिलोची लाल भाकरी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मी तेव्हा सहावीत होतो. आमचा खेड तालुका दोन तोंडांचा. पश्चिमेला भीमाशंकराच्या अंगाला धो धो पाऊस, भात आणि नाचणी. पूर्वेला कनेरसर, निमगाव, दावडीकडं बाजरीची, आभाळाकडं डोळे लावून बसणारी गावं. चासकमानचं धरण तेव्हा नव्हतं. त्या वर्षी पूर्वेकडच्या विहिरींनी थंडीतच तळ दाखवला. शाळा सुटली की आम्ही पोरं आईबरोबर दुष्काळी कामावर जायचो. पाझर तलावाची माती आणि रस्त्याची खडी. हजेरी मुकादमाच्या वहीत आणि खडीचं माप त्याच्या टेपात. कुणाचं माप भरायचं आणि कुणाचं कमी पडायचं, हे खडीच्या ढिगावर नसायचं, मुकादमाच्या मर्जीवर असायचं.

पाण्याचीही तीच गत. विहिरीला पाणी आलं तर आधी गावाच्या घागरी. दलित वस्तीतल्या बाया, तेव्हा लोक महारवाडाच म्हणायचे, घागरी घेऊन लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून पाणी वाढायचं. नाही आली तर उन्हात उभं राहायचं. आम्हाला पोरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जे रोज दिसतं ते माणसाला बरोबरच वाटतं.

पाणी आणि माप या दोन गोष्टी मी आधी सांगितल्या, कारण मला ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्या डॉक्टर जोडप्याची खरी परीक्षा याच दुष्काळात, याच दोन गोष्टींवर झाली. ते आमच्या तालुक्यातले नव्हते. आमच्यापासून पूर्वेला, शिरूर आणि नगर ओलांडून पलीकडं जामखेड लागतं, तिथले. रजनीकांत आरोळे आणि मेबल आरोळे. मात्र त्यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते भोसरीत, एका लेथ मशीनशेजारी.

१९७७ साली मी दहावी पास झालो. घरी जमीन होती, पाणी नव्हतं. वर्षभरानं भोसरीत एका लहान वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. तेव्हा चाकणला आजच्यासारख्या कंपन्या नव्हत्या, चाकण म्हणजे कांद्याबटाट्याचा बाजार. काम पाहिजे असेल तर भोसरी, पिंपरी नाही तर चिंचवड. आमच्या वर्कशॉपमध्ये जामखेडकडचे एक मिस्त्री होते. कामाला चोख, बोलायला कमी. ते ख्रिस्ती आहेत हे मला कळायलाच सहा महिने गेले. तेही कळलं कशावरून, तर रविवारी ओव्हरटाइम असला की ते म्हणायचे, "दुपारनंतर येतो, सकाळी देवळात जायचंय." मी विचारलं, "कोणत्या देवळात?" तेव्हा समजलं.

ज्यांनी कारखान्यात काम केलेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. लेथवर आटे पाडायचे तर गिअर बदलावे लागतात. कोणत्या आट्याला कोणता गिअर, याचा हिशोब असतो. जुने टर्नर तो हिशोब खिशातल्या बारक्या वहीत लिहून ठेवायचे आणि ती वही कुणाला दाखवायचे नाहीत. टूलला धार लावायची तर हेल्परकडं पाठ करून. हेल्पर शिकला तर आपली किंमत काय राहील, ही भीती. मिस्त्रींनी मला तिसऱ्या महिन्यात ती वही हातात दिली आणि म्हणाले, "उतरून घे." बाकीचे कारागीर त्यांना हसले. एक जण तर तोंडावर म्हणाला, "मिस्त्री, उद्या हाच तुमच्या जागेवर बसंल." मिस्त्री म्हणाले, "बसू दे की. मी काय जन्मभर उभाच राहू का मशीनवर?"

त्याच वर्षी एकदा पिनांचा एक लॉट बारीक झाला, गेजमध्ये बसेना. माल निघायची घाई होती. मालकाची माणसं म्हणाली, तपासणीच्या चिठ्ठीवर सही करा. मिस्त्रींनी केली नाही. आरडाओरडा नाही, भाषण नाही. "माप बसत नाही, सही होणार नाही," एवढंच. दुसऱ्याच्या सहीनं माल गेला आणि मिस्त्रींचा ओव्हरटाइम दोन महिने बंद झाला. घरी तीन लेकरं होती त्यांच्या.

मला सही न करण्याचं मोल लगेच समजलं. वही दाखवण्याचं समजायला वेळ लागला. मी त्यांना एकदा विचारलं, "मिस्त्री, सगळे लपवतात ते तुम्ही का दाखवता?" तेव्हा ते म्हणाले, "आमच्या जामखेडला एक डॉक्टर नवराबायको आहेत. त्यांनी डॉक्टरकीची वही उघडून अडाणी बायांच्या पुढ्यात ठेवली. माझी ही तर आट्यांची वही."

पुढं मी नोकरी सोडून शेतीत परत आलो, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. जसजसं वाचायला, विचारायला मिळालं, तसतशी जामखेडची गोष्ट जुळत गेली.

रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच, त्याला आता अहिल्यानगर म्हणतात. १९३४ चा जन्म, आईवडील शिक्षक, घर मराठी ख्रिस्ती. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम फार जुनं, १८३१ पासूनचं. गावोगाव त्यांच्या शाळा होत्या आणि दलित समाजातल्या कितीतरी घरांत पहिलं अक्षर त्या शाळांमुळं आलं. मेबल बाई जबलपूरला वाढलेल्या. वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक. दोघांची गाठ पडली ती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. १९६० साली लग्न झालं. लग्नाच्या दिवशीच दोघांनी मिळून शपथ घेतली, की आपलं आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं.

अशा शपथा तरुणपणी पुष्कळ जण घेतात. पुढं काय होतं ते बघायचं असतं.

पहिल्यांदा ते नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात लागले. तिथं रात्रंदिवस काम. रोगी येत, बरे होत, घरी जात आणि सहा महिन्यांनी त्याच दुखण्यानं परत येत. हगवणीचं लेकरू बरं करून पाठवलं की पुन्हा त्याच घाण पाण्यावर जाणार. बाळंतिणीला वाचवलं तर पुढच्या खेपेला पुन्हा गंजलेल्या विळ्यानंच नाळ कापणार. त्यांच्या ध्यानात आलं, की दवाखान्यात येणारी बहुतेक दुखणी मुळात व्हायलाच नको होती. आणि जी माणसं खरी मरतात ती दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत.

इथं मला आमची पिंपरी आठवते. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलीन आपल्या देशात, आपल्या जिल्ह्यात तयार व्हायला लागलं. केवढी अभिमानाची गोष्ट. पण त्याच काळात खेड्यातली लेकरं छाती भरून मरतच होती. औषध पिंपरीत होतं. लेकराचा श्वास बघून "याला आजच औषध पाहिजे" असं सांगणारं माणूस गावात नव्हतं. कारखान्यात औषध तयार होतं, माणूस नाही होत. तो दुसरीकडंच घडवावा लागतो.

आरोळे दोघंही अमेरिकेला गेले, तिथं आणखी शिकले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथं राहिले असते तर कुणी नावं ठेवली नसती. १९७० साली ते परत आले आणि त्या साली सप्टेंबरात जामखेडला काम सुरू केलं. पण गावावर जाऊन बसले नाहीत. गावच्या पुढाऱ्यांनी बोलवावं, जागा द्यावी, सल्लागार समिती करावी, अशी त्यांची अट होती. जागा मिळाली ती जुन्या गुरांच्या दवाखान्याची. अमेरिकेत शिकून आलेले डॉक्टर गुरांच्या दवाखान्यात रोगी तपासायला बसले.

लोकांच्या मनात शंका असणारच. मिशनचा डॉक्टर म्हटला की धर्म बदलायला आला, असं त्या काळी गावोगाव बोललं जायचं. काही ठिकाणी त्याला कारणही होतं. दुष्काळात अन्न देऊन धर्म दिला, असे वाद आपल्या इतिहासात आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. आरोळ्यांनी त्या शंकेला तोंडानं उत्तर दिलं नाही. दवाखान्यात कुणाची जात विचारली जात नव्हती आणि कुणाचा देवही. त्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही, कुणावर लादलीही नाही. ती कुठं दिसायची, तर काम कसं करायचं हे ठरवताना.

मग दुष्काळ आला. डॉक्टर आले होते लस द्यायला, गरोदर बायांना तपासायला. लोक म्हणाले, आधी पाणी आणि पोटाला. शिकलेल्या माणसाला इथं राग येतो. आम्ही तुमच्या भल्याचं सांगतोय आणि तुम्हाला भाकरीचं पडलंय, असं तो म्हणतो. आरोळ्यांनी लोकांचं ऐकलं. लहान लेकरांसाठी गावोगाव अन्न शिजायला लागलं. बोअर मारायची मशीन मिळवली, हातपंप बसवले. आणि हातपंप कुठं बसवायचा, या प्रश्नावर त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. शक्य असेल तिथं बोअर दलित वस्तीत घेतला.

विचार करा. कुठलाही ठराव नाही, मोर्चा नाही, शिवाशिव पाळू नका म्हणून व्याख्यान नाही. पाणी तिकडं लागलं, पंप तिकडं बसला. ज्या बाया आजवर लांब उभ्या राहायच्या, त्यांच्याच दारात आता गाव घागरी घेऊन रांगेत उभं राहिलं. तहान लागली की माणूस चालत जातो. आमच्या लहानपणीच्या विहिरीवर हे कुणाला सुचलं नाही. सुचायला बुद्धी लागते आणि ते करायला धाडस, कारण पंप पाटलाच्या वाड्यापुढं बसवला असता तर डॉक्टरांचं गावात वजन वाढलं असतं, जेवणाची ताटं आली असती. कामाच्या ठिकाणचं इमान हे असं असतं. कागदावर जागा ठरवायची पाळी येते, बघणारं कुणी नसतं आणि आपण बोट कुठं ठेवतो त्यावर सगळं ठरतं.

पुढची अडचण माणसांची. त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव ठेवून बघितल्या. पण शहरात शिकलेली एकटी मुलगी खेड्यात राहीना आणि राहिली तरी गाव तिचं ऐकेना. तेव्हा गावातल्याच बायांना शिकवावं, असा विचार पुढं आला. सूचना गावाकडूनच आली होती. गावानं बाई निवडायची. त्यातून ज्या बाया आल्या त्यातल्या बऱ्याच निरक्षर होत्या, पुष्कळ दलित समाजातल्या, कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं, त्या.

त्या जामखेडला येत, एका छपराखाली राहत, एकत्र जेवत, एकत्र झोपत. वेगवेगळ्या जातीच्या बायांनी एका पंगतीला बसणं हीच त्या काळी अर्धी लढाई. मेबल बाईंनी त्यांना पहिल्यांदा औषधं शिकवली नाहीत. आधी त्यांना स्वतःची किंमत पटवून दिली. चारचौघांत आपलं नाव मोठ्यानं घेता न येणारी बाई दुसऱ्याच्या लेकराचा जीव कशी वाचवणार? मग हळूहळू बाकीचं. हगवण लागली तर मीठ, साखर आणि उकळलेलं पाणी कोणत्या मापानं द्यायचं. लेकराचं वजन कसं करायचं. गरोदर बाईच्या पायाला सूज कुठली साधी आणि कुठली धोक्याची. नाळ कशानं कापायची. अंगावरचा चट्टा बधिर आहे का, म्हणजे कुष्ठरोग ओळखायचा कसा. आणि आपल्या हातात नसेल ते कोणतं, ते ओळखून रोग्याला वेळेवर जामखेडला कसं पाठवायचं.

मिस्त्रींच्या गावात अशी एक बाई होती. ते सांगायचे, "आमच्या आईनं आधी तिला दारात उभं केलं नाही. पुतण्याला हगवण लागली, डोळे पांढरे झाले. तेव्हा तीच आली. घोट घोट पाणी पाजत रातभर बसली. सकाळी पोरगं रडायला लागलं तेव्हा आईनं तिला चहा दिला. घरातल्या कपात."

घरातल्या कपात. हे दोन शब्द सांगताना मिस्त्री थांबले होते.

आता डॉक्टरच्या बाजूनं बघा. आपल्याकडं डॉक्टरचा मान कशावर आहे? आपल्याला ठाऊक नाही ते त्याला ठाऊक आहे, यावर. ताप कशाचा हे त्यानं सांगितलं नाही तरी आपण हात जोडतो, सुई मारली की समाधानानं घरी येतो. आरोळ्यांनी ते गूढच मोडून टाकलं. जे अडाणी बाईला शिकवता येतं ते शिकवून टाकलं आणि खरोखर डॉक्टरच पाहिजे एवढंच काम स्वतःकडं ठेवलं. बायांचं काम जमलं तर डॉक्टरकडं येणारे रोगी कमी होणार, हे सरळ गणित होतं. स्वतःच्या धंद्यावर आपल्या हातानं अशी कुऱ्हाड कोण मारून घेतो? शंका घेणारे होतेच. अंगठेबहाद्दर बाईच्या हातात औषध देता, काही बरंवाईट झालं तर? त्याला उत्तर शिकवण्यातच होतं. एकदा शिकवून सोडलं नाही. बाया पुन्हा पुन्हा जामखेडला येत, गावात काय घडलं ते सांगत, चुकलं तर सगळ्या मिळून बघत. आणि बाया डॉक्टरांनाही शिकवत. गावात कोणत्या समजुती आहेत, बाळंतिणीला काय खाऊ देत नाहीत, कुठल्या घरात सासू ऐकते आणि कुठल्या घरात आधी नवऱ्याला पटवावं लागतं, हे मेडिकल कॉलेजात कुठं शिकवतात?

पुरुषांसाठी शेतकरी मंडळं निघाली. त्यांची सुरुवात म्हणे व्हॉलीबॉलपासून. चेंडू जाळीवरून मारताना समोरच्याची जात बघत बसलं तर डाव जातो. खेळता खेळता माणसं एकत्र बसली आणि मग विहिरी, बांधबंदिस्ती, नाल्यातले बंधारे, झाडं यावर बोलायला लागली. शेतकरी म्हणून मला हे पटतं. पाणी जमिनीत मुरलं तर दाणा, दाणा असला तर लेकराच्या अंगावर मांस, आणि मांस असलं तर गोवरानं मरत नाही. औषधाची बाटली या साखळीत सगळ्यात शेवटी येते.

याचं फळ काय आलं? काम सुरू झालं तेव्हा त्या गावांत जन्मलेल्या हजार लेकरांपैकी १७६ लेकरं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे सहातलं एक. नव्वदच्या दशकात हा आकडा तीसच्या खाली आला. कागदावर आकडा असतो, गावात तो म्हणजे न पुरलेली लेकरं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली जगभरातल्या लोकांच्या आरोग्यकामांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडची हकीकत आहे. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० साली रजनीकांत यांना पद्मभूषण. परदेशातली माणसं जामखेडला शिकायला यायला लागली आणि त्यांना शिकवायला पुढं कोण, तर त्याच गावच्या बाया. मेबल बाई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. काम थांबलं नाही. पुढं त्यांच्या मुलांनी ते चालवलं, कारण ते दोन माणसांच्या हातात कोंडून ठेवलेलंच नव्हतं.

बायबलात गव्हाच्या दाण्याचा एक दृष्टांत आहे, मिस्त्रींनीच मला तो सांगितला होता. दाणा कणगीत जपून ठेवला तर एकटाच राहतो, मातीत गेला तर स्वतः संपतो पण कणसं देतो. मी वारकरी घरातला, माझ्या गळ्यात माळ आहे. पण हा दृष्टांत समजायला ख्रिस्ती असावं लागत नाही, पेरणी केलेली असली म्हणजे झालं. फक्त आम्ही तो शेतात मानतो आणि कामावर विसरतो. आपलं ज्ञान आम्ही कणगीत ठेवतो.

असं काम करणारे आरोळे पहिलेच होते असं नाही. आमच्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी सुमारे पाऊणशे वर्षं आधी हेच वेगळ्या तऱ्हेनं केलं होतं. त्यांनी धर्म बदलला म्हणून पुण्यात मोठं वादळ झालं, १८९३ साली शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखी माणसं बाहेर पडली. तो वाद आजही माणसं आपापल्या बाजूनं सांगतात. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, नंतर १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो निराधार मुली केडगावच्या माळावर आल्या, तेव्हा बाईंनी त्यांना नुसतं जेवू घालून बसवलं नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं त्या मुलींच्या हातात दिलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवलं. त्या १९२२ साली गेल्या. ते बायबल केडगावच्या बायांनीच खिळे जुळवून छापलं. दुष्काळात रस्त्याच्या कडेला मरायला पडलेली पोर एक दिवस ग्रंथ छापते, यात जी गोष्ट आहे तीच जामखेडच्या निरक्षर बाईत आहे. दान दिलं की घेणारा खाली राहतो. हुन्नर दिला की तो बरोबरीला येतो. म्हणून दान देणारे पुष्कळ, हुन्नर देणारे थोडे.

आता आमच्या दारातलं बोलू. राजगुरुनगरातून निघालं की चाकणपर्यंत दोन्ही अंगांना कंपन्या. ज्या रानात मी बटाटा काढला तिथं आता गाड्यांचे सुटे भाग निघतात. आमच्या वाड्यांवरची बहुतेक पोरं कंत्राटावर जातात. सात-आठ महिन्यांनी ब्रेक, मग दुसरा ठेकेदार, दुसरी कंपनी. पोराला विचारलं, काय शिकलास, तर म्हणतो, एकच बटण दाबायचं असतं. पुढचं त्याला कुणी दाखवत नाही, कारण तो उद्या नसणार हे दाखवणाऱ्याला ठाऊक. पूर्वी कारागीर वही लपवायचा, आता वहीच गेटच्या आत राहते. चोरी ही फक्त मालाची नसते. माणसाचे हात वर्षानुवर्षं वापरून त्याला काहीच न शिकवता बाहेर काढणं, हीसुद्धा एक चोरीच आहे, आणि तिची तक्रार कुठल्या चौकीत घेत नाहीत.

शेतकरी तरी धुतल्या तांदळाचे आहेत का? चाकणच्या बाजारात गोणीच्या तोंडाशी मोठा कांदा आणि पोटात गोल्टी, हा खेळ जुना आहे. व्यापारी काट्यात मारतो म्हणून आम्ही गोणीत मारतो, असं त्याचं समर्थनही तयार असतं. एखाद्याचं कांद्याचं बी चांगलं निघालं तर तो शेजाऱ्याला विचारल्यावर दुसरंच नाव सांगतो. देवाच्या नावानं काकडआरतीला पहाटे चारला उठणारे आम्ही, पण देव काट्यापाशी आणि बांधावर आला की त्याला बाजूला बसवतो. आरोळ्यांची गोष्ट मला इथं टोचते. त्यांच्या श्रद्धेला रविवार पुरला असता. त्यांनी ती सोमवार ते शनिवार चालवली.

२००५ साली सरकारनं ग्रामीण आरोग्य अभियान काढलं आणि गावोगाव आशा नेमल्या. त्यामागं देशातल्या अशा प्रयोगांचा अनुभव होता, जामखेड त्यातलं एक मोठं नाव. म्हणजे गुरांच्या दवाखान्यात सुरू झालेली गोष्ट दिल्लीला पोचली आणि तिथून आमच्या वाडीवर आली. पण वाटेत काही सांडलंही. जामखेडला बाईला आधी मान दिला होता, मग काम. आपण आशाताईला आधी रजिस्टर दिलं. कामाप्रमाणे मोबदला, तोही वेळेवर नाही, म्हणून त्यांना आझाद मैदानात जाऊन बसावं लागतं. शिकवणं कमी आणि आकडे मागणं जास्त. बी जामखेडचं आहे, पण वाफ्याला खत घालायला आपण विसरलो.

तरीही बी उगवतं, हे मी करोनात पाहिलं. २०२० च्या उन्हाळ्यात चाकणच्या कंपन्यांचे भोंगे बंद, रस्ता ओस, मोठे दवाखाने भरलेले. आमच्या वाडीवर दारोदार फिरत होती ती आशाताई. सातवी शिकलेली, दोन लेकरांची आई. तोंडाला मास्क, हातात ताप बघायचं यंत्र आणि रजिस्टर. ज्या घरात आजारी माणूस होतं त्या घराच्या अंगणात भाऊबंद जात नव्हते, ती उंबऱ्याशी जाऊन बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावायची. एका दारात म्हातारीला जुलाब लागले होते आणि सून घाबरून रडत होती. आशाताईनं तिला रडू दिलं नाही. तांब्या आणायला लावला, मीठ किती, साखर किती ते चिमटीनं दाखवलं आणि म्हणाली, "मी करून देत नाही, तूच कर. रात्री मी नसंल." सुनेनं तिच्यासमोर पाणी कालवलं, चव बघितली आणि म्हातारीच्या तोंडाला लावलं.